लहान ट्रॅक्टरचीं जोड-अवजारें : त्यांची निवड व वापर

(जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील शेतकऱ्यांकरितां)

ट्रॅक्टरनें नांगरट होत नाहीं. नांगरट नांगरानें होते. ट्रॅक्टर हा केवळ बैलजोडीच्या जागीं आला आहे. मातीशीं गांठ पडते ती फाळाची, पात्याची किंवा फणाची, आणि पिकाचें बरेंवाईट तेथेंच ठरतें. ही गोष्ट सांगण्यास साधी आहे, परंतु खरेदीच्या वेळीं तिचाच विसर पडतो. शेतकरी इंजिनाची शक्ति विचारतो, डिझेल किती लागतें तें विचारतो, कर्जाचा हप्ता ठरवितो. आणि अवजार मात्र दुकानदार देईल तें घेऊन घरीं येतो. मग दोन वर्षांनीं गोठ्यामागें एखादें अवजार गंजत पडलेलें दिसतें, आणि त्याचा हप्ता मात्र चालूच असतो. दोन-चार एकरांच्या मालकास हा तोटा जड जातो. म्हणून लहान ट्रॅक्टर, पॉवर टिलर व पॉवर विडर यांस जोडावयाचीं अवजारें कशीं निवडावींत व कशीं वापरावींत, याचा विचार येथें क्रमानें केला आहे.

आपल्या भागाची जमीन

या दोन तालुक्यांची जमीन एका जातीची नाहीं, म्हणून एकच सल्ला सर्वांस लागू पडत नाहीं. पश्चिमेस भीमाशंकर, नाणेघाट व माळशेज यांच्या बाजूस पाऊस भरपूर, डोंगरउतार व भाताचीं लहान लहान खाचरें आहेत. तेथून पूर्वेकडे यावें तसा पाऊस झपाट्यानें कमी होत जातो. मधल्या व पूर्वेच्या पट्ट्यास माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या धरणांच्या पाण्याचा आधार आहे. नारायणगांवच्या बाजारांत येणारे टोमॅटो, ओतूर व आळेफाट्याकडे जाणारा कांदा, द्राक्षाचे मांडव व ऊस हीं या पाण्याचीं पिकें होत. आंबेगांवच्या सातगांव पठारावर पावसाळी बटाट्याचें पीक मोठें आहे. खाचरांतील चिखलणी, टोमॅटोचा गादीवाफा, द्राक्षाच्या ओळींतील फवारणी व बटाट्याची काढणी हीं चार कामें चार निराळीं अवजारें मागतात. आपलें मुख्य पीक कोणतें, हा प्रश्न यासाठीं पहिला.

शक्ति अवजारापर्यंत कशी पोंचते

लहान यंत्रांचे तीन वर्ग करतां येतात. पॉवर विडर हें हातीं धरून चालवावयाचें हलकें यंत्र आहे. तें ओळींतील तण काढणें व भुसभुशी करणें एवढ्यासाठींच. पॉवर टिलर हें दोन चाकांचें यंत्र असून त्याची शक्ति साधारणतः आठ ते पंधरा अश्वशक्ति असते. मिनी ट्रॅक्टर चार चाकांचा, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचा असतो.

मिनी ट्रॅक्टरकडून अवजारास शक्ति दोन वाटांनीं मिळते. पहिली वाट ओढीची. नांगर, मोगडा, सरी पाडण्याचा रेजर हीं अवजारें ओढलीं जातात. यांस जोडण्यासाठीं मागें दोन खालचे दांडे व एक वरचा दांडा अशी तीन टोकांची जोडणी असते. हॅरी फर्ग्युसन या आयरिश कारागिरानें तिच्या मागील मुख्य कल्पनेचें पेटंट १९२६ सालीं मिळविलें, व १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरबरोबर ती सर्वत्र पसरली. अवजार ओढतांना ट्रॅक्टरचें पुढील तोंड उचललें जाऊं नये व अवजाराचें वजन मागील चाकांवर पडून त्यांस पकड मिळावी, हें तिचें मर्म आहे.

दुसरी वाट फिरत्या दांड्याची, म्हणजे पी.टी.ओ.ची. १९१८ सालीं अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें अशी सोय असलेला ट्रॅक्टर विक्रीस आणला. हल्लीं मिनिटास ५४० फेरे ही या दांड्याची रूढ गति आहे. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर व बटाटा काढणीचीं कांहीं यंत्रें या दांड्यावर चालतात. रोटाव्हेटरची कल्पना ऑस्ट्रेलियाची. गिलगंड्रा येथील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यानें १९१२ सालीं वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनीं माती मोकळी करण्याचे प्रयोग आरंभिले. साध्या पात्यांनीं माती एका बाजूस फेंकली जात असे. काटकोनांत वांकविलेलें पातें वापरल्यावर ती अडचण दूर झाली. आजच्या रोटाव्हेटरचीं पातीं त्याच आकाराचीं आहेत.

नव्या अवजाराविषयीं आपल्याकडे शंका नेहमींच घेतली गेली आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं उभा राहिला व लोखंडी नांगर गांवोगांव जाऊं लागला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विषबाधा होईल असेंही लोक म्हणत. ती शंका खोटी ठरली. परंतु शंका न घेणें हेंही तितकेंच घातक आहे, हें रोटाव्हेटरच्या अतिवापरानें आज दिसूं लागलें आहे. त्याविषयीं पुढें लिहिलें आहे.

शक्तीचा हिशेब

अमुक अश्वशक्तीच्या यंत्रास अमुक अवजार चालेल कीं नाहीं, हें थोड्या गणितानें कळतें. एक अश्वशक्ति म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्याचें बळ. वापशावरील मध्यम काळ्या जमिनींत नांगरास दर चौरस सेंटिमीटर कापास सुमारें ०.७ किलो ओढ लागते असें धरूं. नांगर ३० सेंटिमीटर रुंद व खोली १५ सेंटिमीटर असतां काप ४५० चौरस सेंटिमीटरचा व ओढ ३१५ किलोची झाली. सेकंदास एक मीटर, म्हणजे तासास ३.६ किलोमीटर, या चालीनें त्यास ४.२ अश्वशक्ति लागेल. शेताच्या मातींत इंजिनाची जवळजवळ अर्धी शक्ति चाकांच्या घसरण्यांत व इतर घर्षणांत जाते. म्हणून इंजिन आठ-नऊ अश्वशक्तीचें तरी हवें. खोली साडेबावीस सेंटिमीटर केली तर ओढ ४७० किलोंच्या वर जाते व इंजिनाकडून बारा-तेरा अश्वशक्तीची मागणी होते.

पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास हें सहज झेपेल असें वाटेल. पण येथें दुसरी अट आडवी येते. ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांहून अधिक ओढ शेतांत क्वचितच देऊं शकतो. आठशें किलोंचा हलका ट्रॅक्टर ३२० ते ४०० किलो ओढील. ४७० किलोंना त्याचीं चाकें जागींच फिरतील, टायर झिजतील व डिझेल व्यर्थ जळेल. इंजिनांत बळ आहे, पण पायांत पकड नाहीं, अशी ही स्थिति होय. म्हणून खोल नांगरटीचें काम दोन-तीन वर्षांतून एकदां मोठ्या भाड्याच्या ट्रॅक्टरकडून करून घ्यावें, व लहान ट्रॅक्टरकरितां पल्टी नांगर विकत घेण्याच्या भरीस सहसा पडूं नये.

रोटाव्हेटरचें तसें नाहीं. त्याचीं पातीं पुढें ढकलणारीं असल्यानें ओढ फार थोडी लागते, पण इंजिनाची शक्ति मात्र पुरी लागते. पंधरा ते वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास सुमारें तीन फूट रुंदीचा रोटाव्हेटर योग्य. काम लवकर उरकावें म्हणून चार फुटी घेतल्यास वेळ वांचत नाहीं. इंजिन दबतें, चाल मंद करावी लागते व क्लच लवकर जातो.

ओळीची रुंदी

दुसरी मोजणी टेपनें करावयाची. ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर हें गादीवाफ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराशीं जुळलें पाहिजे. साडेचार फुटांचे वाफे व साडेतीन फुटांची चाकोरी असा मेळ बसला नाहीं, तर दर फेरीस एक चाक वाफ्यावर चढतें, आणि तेथील माती दबून टोमॅटोचीं मुळें खुंटतात. कित्येक ट्रॅक्टरांचीं चाकें उलटसुलट बसवून चाकोरी कमीजास्त करतां येते; ती सोय खरेदीपूर्वींच विचारावी. उसाच्या चार-पांच फुटी सरींत मोठी बांधणी करावयाची असल्यास पॉवर टिलर अधिक सोयीचा. द्राक्षाची ओळ नऊ-दहा फुटांची असल्यानें रुंदीची अडचण नाहीं. तेथें मांडवाची उंची मोजावी. चालकाचें डोकें, ब्लोअरची टांकी व धुराडें तारांखालून निघालें पाहिजे.

एकेका अवजाराविषयीं

रोटाव्हेटर : याची सर्वांत मोठी शिफारस हीच त्याची सर्वांत मोठी भीति आहे. एका फेरींत जमीन मऊ दिसते, म्हणून शेतकरी दुसरी फेरी मारतो. पिठासारखी झालेली माती पहिल्या जोराच्या पावसानें चोपून बसते, वर पापुद्रा धरतो व कांद्याचें बीं उगवून वर येत नाहीं. शिवाय दर वर्षीं चार-पांच इंचांवरच पातीं फिरल्यानें त्याखालीं कठीण थर बनतो; पाणी मुरत नाहीं, व उभें पीक चार दिवसांच्या पाण्यानें पिवळें पडतें. तीन नियम पाळावेत. वापसा आल्यावांचून रोटाव्हेटर घालूं नये. मातीचा गोळा मुठींत दाबून कमरेच्या उंचीवरून सोडावा, फुटला तर वापसा आहे, चपटा झाला तर थांबावें. एका हंगामांत एकाच फेरीवर भागवावें. तिसऱ्या वर्षीं खोल नांगरटीनें तो थर मोडावा.

ढेंकूळ किती बारीक व्हावें हें चालीवर अवलंबून आहे. पात्यांचा आंस मिनिटास २०० फेरे घेतो व एका चकतीवर एका बाजूस तीन पातीं आहेत असें धरल्यास, तासास दोन किलोमीटर चालीनें प्रत्येक पातें सुमारें साडेपांच सेंटिमीटर माती कापतें. चार किलोमीटर चालीनें अकरा सेंटिमीटर. भाजीपाल्याच्या वाफ्यास मंद चाल व उसाच्या लागणीपूर्वीं जलद चाल ठेवल्यास एकाच अवजारानें दोन्ही कामें साधतात.

मोगडा (कल्टिव्हेटर) : हें अवजार स्वस्त, टिकाऊ व दुर्लक्षित आहे. पांच फणांचा मोगडा तण उपटतो, जमीन उकलतो व तिचें पीठ करीत नाहीं. जेथें रोटाव्हेटरची गरज नाहीं तेथें हाच वापरावा.

रेजर व वाफे पाडण्याचें यंत्र : सातगांव पठारावर बटाट्यास व इतरत्र उसास रेजर लागतो. दोन पंख उघडझांप करणारे असावेत, म्हणजे सरी लहानमोठी करतां येते. टोमॅटो व मिरची यांस गादीवाफा पाडून त्याच फेरींत ठिबकची नळी व मल्चिंगचा कागद अंथरणारें यंत्रही मिळतें. परंतु वर्षांतून तें थोडेच दिवस लागतें, म्हणून भाड्यानें किंवा भागींत घ्यावें हें बरें.

ब्लोअर : द्राक्षबागाइतदारास ट्रॅक्टर मुख्यतः याच्यासाठींच हवा असतो. पाऊस व धुकें असतां केवडा-भुरीवर औषध वेळेवर जाणें हेंच पीक वांचणें होय. टांकीचें भरलेलें वजन मागील दांड्यांस झेपेल काय तें प्रथम पाहावें : ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, व यंत्राचें वजन त्याहून निराळें. उचलण्याची शक्ति कमी असल्यास मागें ओढावयाचा, स्वतःच्या चाकांवरील ब्लोअर घ्यावा.

बटाटा काढणीचें यंत्र : याचें पातें बटाट्याच्या खालून जावें, वरून गेल्यास माल कापला जातो व कापलेला माल साठवणींत सडून शेजारचाही सडवितो. काढणीपूर्वीं पाला कापून साल पक्की होऊं द्यावी.

जाळीचीं चाकें : पश्चिमेकडील खाचरांत पॉवर टिलरला रबरी चाकांऐवजीं लोखंडी जाळीचीं चाकें लावून चिखलणी करावी. हीं चाकें लावून डांबरी रस्त्यावर जाऊं नये. बांध ओलांडतांना फळ्या टाकाव्यात.

ट्रेलर : वर्षांतील सर्वांत अधिक दिवस उपयोगीं पडणारें जोड-अवजार बहुधा हेंच असतें. घाटउतारावर त्याचें वजन ट्रॅक्टरास पुढें ढकलतें हें मात्र विसरूं नये. चढतांना जो गिअर, तोच उतरतांना ठेवावा.

जोडणी व जपणूक

अवजार जोडतांना आधीं डावा दांडा, मग उजवा व शेवटीं वरचा, हा क्रम ठेवावा, सोडतांना उलट. उजव्या दांड्याची लांबी फिरवून कमीजास्त करतां येते, म्हणून तो नंतर. जोडल्यावर सपाट जागेवर अवजार टेंकवून मागून पाहावें. तें एका अंगास कलतां कामा नये. वरचा दांडा आंखूड केल्यास नांगराचें किंवा मोगड्याचें टोंक खालीं रोंखतें, लांब केल्यास वर उचललें जातें. पी.टी.ओ.च्या दांड्याचे दोन भाग एकमेकांत पुरेसे घुसलेले असावेत, व अवजार पूर्ण खालीं असतांही ते तळास टेंकूं नयेत.

दर दिवशीं कामापूर्वीं पात्यांचे बोल्ट आवळावेत, सांध्यांस ग्रीस द्यावें. संरक्षक बोल्ट तुटल्यास त्या जागीं त्याच जातीचा बोल्ट घालावा. जाड किंवा पोलादी बोल्ट घालणें म्हणजे दहा-वीस रुपये वांचवून गिअरपेटी फोडून घेणें होय. हंगाम संपल्यावर माती धुवून, पात्यांस जुनें तेल फांसून अवजार लाकडी ठोकळ्यांवर ठेवावें.

जीव सांभाळणें

मिनिटास ५४० फेरे म्हणजे सेकंदास नऊ. पदर, ओढणी, उपरणें किंवा सैल बाही दांड्यावर गेली, तर ‘अरे’ म्हणण्याच्या आंत ती अनेक वेढे घेते. हात सोडविण्यास अवधिच राहत नाहीं. म्हणून दांड्यावरील प्लास्टिकचें आवरण अडचण समजून काढून टाकूं नये. तुटल्यास तें नवें आणावें. पात्यांत अडकलेलें गवत काढतांना इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी. उचललेल्या अवजाराखालीं आधार दिल्यावांचून हात घालूं नये. मागें कोणासही उभें करूं नये. मुलांस तर मुळींच नव्हे.

पॉवर टिलर चालविणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सपाटीवर उजव्या बाजूचा क्लच दाबला असतां यंत्र उजवीकडे वळतें. परंतु तीव्र उतारावर खालीं जातांना तोच क्लच दाबल्यास उजवें चाक मोकळें होऊन अधिक वेगानें धांवतें व यंत्र डावीकडे वळतें. डोंगरी वाटेवर व खाचरांच्या बांधावर हें माहीत नसल्यास यंत्र चालकासह खालीं जातें. अशा उतारावर क्लचला हात न लावतां, मंद गतीनें, दांडी हातांनींच वळवावी.

विकत, भाड्यानें कीं भागींत

एक उदाहरण घेऊं. आंकडे मानलेले आहेत, प्रत्येकानें त्या जागीं आपले घालावेत. अवजाराची किंमत ६०,००० रुपये, आयुष्य आठ वर्षें व शेवटीं येणारी मोड ६,००० रुपये. वर्षाची घट ६,७५० रुपये. सरासरी ३३,००० रुपयांवर दहा टक्के व्याज ३,३०० रुपये. दुरुस्ती ३,००० रुपये. एकूण वर्षास १३,०५० रुपये. स्वतःचें अवजार असल्यानें, डिझेल वजा जातां, तासास ४०० रुपये भाडें वांचतें असें धरल्यास तें वर्षांत सुमारें ३३ तास चाललें पाहिजे.

तीन फुटी रोटाव्हेटर तासास तीन किलोमीटर चालीनें, वळणांचा वेळ धरून, एकरास दोन-सवादोन तास घेतो. म्हणजे वर्षास पंधरा एकरांच्या फेऱ्या झाल्या तरच तो परवडला. तीन एकरांत दोन पिकें व दर पिकास एक फेरी धरल्यास सहाच एकर होतात. या शेतकऱ्यानें एकट्यानें रोटाव्हेटर घेणें म्हणजे दर वर्षीं तोटा पत्करणें. तिघां भावांनीं किंवा शेजाऱ्यांनीं मिळून घेतल्यास तोच व्यवहार फायद्याचा होतो.

आपल्याकडे इर्जिक व सावड या चाली जुन्याच आहेत. यंत्राच्या बाबतींत त्यांस फक्त लेखी रूप द्यावयाचें आहे. भांडण पैशावरून क्वचित होतें. तें पहिला वापसा आल्यावर अवजार आधीं कोणाकडे जावें यावरून होतें. म्हणून पाळी हंगामापूर्वींच ठरवावी, दर वर्षीं ती फिरवावी, तासांची वही ठेवावी, आणि मोडतोड ज्याच्या शेतांत झाली त्यानें किती व सर्वांनीं किती सोसावी हें लिहून ठेवावें.

अनुदान घ्यावयाचें असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमति हातीं आल्यावरच खरेदी करावी. आधीं खरेदी केल्यास अनुदानाचा हक्क राहत नाहीं. अवजाराची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी झाली आहे काय तें पाहावें. मध्यप्रदेशांतील बुधनी येथें अशी मोठी केंद्र सरकारी संस्था आहे. अनुदान मिळतें एवढ्याच कारणासाठीं न लागणारें अवजार घेणें हें मात्र शहाणपणाचें नव्हे, कारण उरलेले पैसे आपलेच असतात.

सारांश

खाचरवाल्यानें पॉवर टिलर व जाळीचीं चाकें. पठारावरील बटाटेवाल्यानें मोगडा व रेजर स्वतःचे, आणि काढणीयंत्र भागींत. भाजीपाला-कांदेवाल्यानें रोटाव्हेटर भागींत व ट्रेलर स्वतःचा. द्राक्षवाल्यानें प्रथम ब्लोअर, असा क्रम सामान्यतः ठरवावा. खरेदीपूर्वीं ओळ मोजावी, वजन पाहावें, तास मोजावेत, सुटे भाग जवळच्या बाजारांत मिळतात कीं नाहीं याची चौकशी करावी, आणि शक्य असल्यास तें अवजार आपल्याच शेतांत एक दिवस भाड्यानें चालवून पाहावें. शंका असल्यास नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें. एका दिवसाचें भाडें हा त्यांत खर्च होईल खरा. पण न लागणाऱ्या अवजाराचे हप्ते फेडण्यापेक्षां तो पुष्कळच हलका आहे.